खलबतीचे दार

१. एक प्रश्न, दोन उत्तरे

मुस्लिम लोकसंख्येच्या दृष्टीने जगात अग्रगण्य असलेल्या इंडोनेशियात समलिंगी संबंध हा गुन्हा आहे काय, असे वाचक पुष्कळदा विचारतात, आणि त्यांची अपेक्षा अशी असते की उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्या एका शब्दात मिळावे. ते तसे देता येत नाही. दोन प्रौढ पुरुष जाकार्तात राजीखुशीने एकत्र राहत असतील तर त्या नात्यालाच गुन्हा ठरविणारे कलम देशाच्या दंडसंहितेत नाही. परंतु तेच दोघे सुमात्रा बेटाच्या वायव्य टोकाशी असलेल्या आचे प्रांतात जाऊन राहिले, तर तेथील प्रांतिक कायद्याने त्यांस भर मैदानात, जमलेल्या लोकांसमक्ष, शंभरपर्यंत वेताचे फटके बसू शकतात. राष्ट्र एक, राज्यघटना एक आणि निशाणही एक असता, एका मुलखातील निर्दोष माणूस दुसऱ्या मुलखात पाऊल टाकताच अपराधी कसा होतो, हे समजून घेणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

येथे भारतीय वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंग्रजांनी १८६० साली रचलेल्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत प्रौढांच्या खाजगी आयुष्यावर टांगलेले होते. याउलट डचांनी आपल्या पूर्वेकडील वसाहतीस जी दंडसंहिता दिली, तीत संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढ समलिंगी व्यक्तींस गुन्हेगार ठरविलेले नव्हते. म्हणजे जे कृत्य पुण्यात दीड शतक दंडनीय होते ते जाकार्तात तसे नव्हते. याचा अर्थ तेथे सुख नांदत होते असा नव्हे. मे २०१७ मध्ये जाकार्तातील एका स्नानगृह-क्लबावर धाड घालून पोलिसांनी १४१ पुरुषांस पकडले, ते अश्लीलताविरोधी कायद्याचा आधार घेऊन. आणि २०२६ च्या आरंभापासून अंमलात आलेल्या नव्या दंडसंहितेत विवाहबाह्य संबंध हा, जोडीदाराने अथवा आईबापांनी वा मुलांनी फिर्याद दिल्यास, गुन्हा झाला आहे. ज्यांना विवाहच करता येत नाही त्यांच्या बाबतीत या कलमाचा उपयोग कसा होऊ शकेल, हे सांगावयास नको. तरीही देशाचा कायदा आणि आचेचा कायदा यांत जे अंतर आहे ते फार मोठे आहे, आणि त्या अंतराचे कारण धर्मग्रंथांत शोधण्यापूर्वी राजकारणात शोधावे लागते.

२. देवघराची किल्ली

आचे स्वतःस ‘मक्केची ओसरी’ म्हणवून घेतो, कारण पूर्वी त्या बाजूच्या यात्रेकरूंची गलबते पश्चिमेकडे निघत ती याच किनाऱ्यावरून. सतराव्या शतकात येथे बलाढ्य सुलतानी होती, आणि १८७३ साली डचांनी तिच्यावर चालून जाऊन जे युद्ध आरंभिले ते कित्येक दशके विझले नाही. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये दाऊद बेरुएह यांनी जाकार्ताविरुद्ध बंड केले. १९५९ मध्ये धर्म, शिक्षण आणि रूढी या तीन बाबतींत ‘विशेष प्रदेश’ असा दर्जा देऊन केंद्राने त्यांची समजूत घातली, परंतु तो दर्जा बहुतांशी कागदावर राहिला. पुढे अरुण येथे नैसर्गिक वायूचा मोठा साठा लागला, त्याचे उत्पन्न जाकार्ताच्या खजिन्यात जाऊ लागले, आणि १९७६ मध्ये हसन दी तिरो यांनी स्वतंत्र आचेसाठी सशस्त्र चळवळ उभी केली. तीन दशकांच्या या संघर्षात सुमारे १५ हजार माणसे मेली.

आता या बंडखोरांची मागणी काय होती ते पाहावे. ती मुख्यतः स्वातंत्र्याची आणि वायूच्या उत्पन्नाची होती. शरियतचा कायदा हवा म्हणून त्यांनी हत्यार उचललेले नव्हते. परंतु एकत्र कुटुंबात धाकटा भाऊ शेताची वाटणी मागू लागला असता थोरल्याने शेत न देता त्याच्या हाती देवघराची किल्ली द्यावी, आणि आता घरात तुझाही मान राहिला असे सांगावे, तसे काहीसे जाकार्ताने केले. १९९९ चा ४४ वा आणि २००१ चा १८ वा हे कायदे करून आचेला इस्लामी कायदे करण्याची आणि ते चालविण्यासाठी शरिया न्यायालये स्थापण्याची मुखत्यारी देण्यात आली. २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्र चालून आला. त्या प्रलयात एकट्या इंडोनेशियात दीड लाखाहून अधिक माणसे नाहीशी झाली, आणि त्यांतील बहुतेक सारी आचेची होती. शोकाने खचलेल्या त्या मुलखात, घडले ते आमच्या पापाचे फळ, असे सांगणारे उपदेशक निघाले, आणि ते ऐकणारेही भेटले. जून २००५ मध्ये बिरुएन गावी जुगाऱ्यांना पहिले जाहीर फटके मारण्यात आले. ऑगस्टमध्ये हेलसिंकीत तहनामा होऊन युद्ध थांबले. २००६ च्या ११ व्या कायद्याने प्रांताची स्वायत्तता पक्की झाली. शस्त्रे खाली ठेविलेले बंडवाले निवडणुका लढवून सत्तेवर आले, आणि देवघराची किल्ली त्यांच्याही कमरेस आली.

ती परत करणे कोणासच सोपे नव्हते. २००९ मध्ये प्रांतिक विधिमंडळाने व्यभिचारास दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा सांगणारा मसुदा मंजूर केला, तेव्हा त्या वेळचे राज्यपाल इरवांदी युसुफ, जे स्वतः पूर्वीचे बंडवाले, त्यांनी सही करण्याचे नाकारले. पाच वर्षांनी, दगडांची शिक्षा गाळून, सप्टेंबर २०१४ मध्ये नवा फौजदारी कायदा मंजूर झाला आणि ऑक्टोबर २०१५ पासून अंमलात आला. तोच आज चालू आहे.

३. हद्द आणि ताजीर

हा कायदा वाचताना मराठी माणसास एक सोय आहे. त्यातील कितीतरी शब्द आपल्या जुन्या दप्तरांतून आपल्या ओळखीचे आहेत. आचेत प्रांतिक कायद्यास ‘कानून’ म्हणतात. पेशवाईतील ‘कानूजाबता’ ज्याने ऐकला आहे त्यास हा शब्द परका नाही. या कानुनात शिक्षा दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारास ‘हद्द’ म्हणतात. आपल्या गावच्या शिवेला आपण हद्द म्हणतो, त्याच अरबी शब्दाचा हा मूळ अर्थ: ईश्वराने आखून दिलेली रेषा, जी न्यायाधीशास मागे-पुढे सरकवता येत नाही. विवाहबाह्य संबंधास १०० फटके, मद्यप्राशनास ४०, या हद्दीच्या शिक्षा. दुसरा प्रकार ‘ताजीर’. ब्रिटिश अमदानीतील दंडसंहितेस उर्दूत ‘ताजिराते हिंद’ म्हणत, तोच हा शब्द. येथे शिक्षेचे माप राज्यकर्ते आणि न्यायाधीश ठरवितात.

हा भेद वरवर शाब्दिक वाटला तरी त्यात पुष्कळ काही साठलेले आहे. प्राचीन इस्लामी न्यायशास्त्राने हद्दीच्या शिक्षा भयंकर ठेविल्या, परंतु त्या सिद्ध करण्याची वाट जवळजवळ बंदच करून टाकली: व्यभिचारासाठी स्वतःची कबुली तरी हवी किंवा प्रत्यक्ष कृत्य डोळ्यांनी पाहिलेले चार साक्षीदार तरी हवेत. चार जणांनी एकाच वेळी अशी गोष्ट पाहावी हे कसे घडावे? न्यायशास्त्र्यांचा हेतूच तो होता असे अनेक अभ्यासक मानतात. धाक ग्रंथात राहावा आणि माणूस घरात सुखाने निजावा.

आचेच्या कायद्याने पुरुषांतील संबंधास ‘लिवात’ आणि स्त्रियांतील संबंधास ‘मुसाहका’ अशी नावे देऊन ६३ व्या आणि ६४ व्या कलमांत दोहोंसही ताजीरच्या सदरात घातले. अर्थात चार साक्षीदारांची भिंत येथे उरली नाही. दोघा पुरुषांना बंद खोलीत कोणत्या अवस्थेत पाहिले हे शेजारी सांगतील, त्यास आरोपींची पोलीस चौकीवरील कबुली जोडली की काम भागते. शिक्षा जास्तीत जास्त १०० फटके, किंवा १००० ग्रॅम शुद्ध सोन्याचा दंड, किंवा १०० महिने कैद. शिवाय, देशाच्या दंडसंहितेत नसलेला गुन्हा मुसलमानेतराने आचेत केला तरी त्यास हा कानून लागू होतो अशी तरतूद असल्याने, लिवातच्या बाबतीत धर्म वेगळा असल्याची ढालही कामास येत नाही.

४. वजाबाकी

वरील तीन आकडे नीट पाहिले तर एक हिशेब दिसतो. एक फटका म्हणजे एक महिना कैद, म्हणजेच १० ग्रॅम सोने. या दराने, निकालापूर्वी कोठडीत गेलेला काळही फटक्यांतून वजा होतो. मार्च २०१७ च्या अखेरीस बांदा आचे या प्रांतिक राजधानीत शेजाऱ्यांनी एका भाड्याच्या खोलीत घुसून २० आणि २३ वर्षांच्या दोन तरुणांस पकडले. शिक्षा झाली ८५ फटक्यांची. अंमलबजावणी २३ मे रोजी. मध्ये गेले दोन महिने. ८५ वजा २, उरले ८३. पुढील प्रकरण घ्या: नोव्हेंबर २०२० मध्ये धरलेल्या दोघांस ८० फटके, कोठडीचे ३ महिने जाऊन जानेवारी २०२१ मध्ये प्रत्येकी ७७. नोव्हेंबर २०२४ मध्ये पकडलेल्या दोन विद्यार्थ्यांस अनुक्रमे ८५ आणि ८०. त्यांतून तीन-तीन गेले, आणि २७ फेब्रुवारी २०२५ रोजी २४ वर्षांच्या तरुणास ८२ व १८ वर्षांच्या मुलास ७७ मारण्यात आले. मोठ्यास पाच अधिक का, तर खोली त्याने मिळविली होती.

ही वजाबाकी मी मुद्दाम मांडली. अशा शिक्षेविषयी आपण ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे वाळवंटातले एखादे पुरातन दृश्य उभे राहते. पण वस्तुतः हा अगदी आधुनिक कचेरीचा कारभार आहे. त्यात सरकारी वकील आहे, खटल्याचा क्रमांक आहे, अंदाजपत्रकात तरतूद आहे, फटक्यांपूर्वी आणि फटके चालू असता तपासणारा डॉक्टर आहे. वेताची छडी सुमारे एक मीटर लांबीची, करंगळीहूनही बारीक, अशी मापे नेमून दिलेली आहेत. पुरुषास उभे करतात, स्त्रीस बसवितात. मारणाऱ्याचा चेहरा झाकलेला असतो. मार खाणाऱ्याचा उघडा असतो. समोर गर्दी असते आणि गर्दीच्या हातांत मोबाईल असतात. कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांनी तेथे असू नये, परंतु मुले असतात. २०१७ च्या मे महिन्यात एका मशिदीसमोर झालेल्या त्या प्रसंगास हजारोंचा जमाव होता. पाठीवरचे वळ काही दिवसांत जातील, हे कायदा करणाऱ्यांसही ठाऊक आहे. लोकांसमोर झालेली अप्रतिष्ठा हीच खरी शिक्षा, आणि तिच्यातून कोठडीचे महिने वजा होत नाहीत. ती चित्रफितीत राहते. ज्या घरी तो मुलगा परत जाणार त्या घराच्या शेजारीही ती पोचलेली असते.

५. दार कोणी फोडले?

‘खलबत’ हा शब्द आपण सहज वापरतो. रायगडावर खलबतखाना दाखवितात. महाराजांनी निवडक माणसांशी एकांतात मसलत करण्याची ती जागा. मूळ अरबी शब्द ‘खलवत’, अर्थ एकांत. आचेच्या कायद्यात मात्र हाच एक गुन्हा आहे: नात्याने विवाहास वर्ज्य नसलेल्या आणि परस्परांशी विवाह न झालेल्या स्त्री-पुरुषांनी बंद जागी एकत्र असणे, यास दहापर्यंत फटके. व्याख्येत भिन्न लिंगाच्या दोन व्यक्ती असे स्पष्ट म्हटले आहे.

याचा एक परिणाम विचार करण्याजोगा आहे. जेथे मुलगा आणि मुलगी एका खोलीत दिसले की गहजब होतो, तेथे दोन मुलांनी मिळून खोली घेणे ही सर्वांत निर्धोक रीत होती. परगावाहून शिकावयास आलेले विद्यार्थी, आपल्याकडे पुण्यात सदाशिव पेठेत कॉट घेऊन राहत तसेच, बांदा आचेत भाडे वाटून घेऊन राहतात. एकाच चटईवर निजणे, एकाच ताटात जेवणे, खांद्यावर हात टाकून हिंडणे यांत कोणास काही वावगे दिसत नसे. २०१४ च्या कायद्याने या साध्या पुरुषी सहवासावर संशयाची सावली पाडली. आता घरमालकाने डोळे किलकिले करून पाहावे, शेजाऱ्याने पाळत ठेवावी, किती वाजता दिवा मालवला याची नोंद घ्यावी. वर सांगितलेल्या प्रकरणांत कारवाईची सुरुवात वारंवार शेजारपाजाऱ्यांनी केली. २०१७ च्या चित्रफितीत त्यांतील एक तरुण विवस्त्र, भेदरलेला, मदतीसाठी कोणास तरी फोन लावण्याचा प्रयत्न करताना दिसतो; दार फोडून आत शिरलेले लोक त्याचे चित्रण करीत आहेत.

शरियतच्या पोलिसांस आचेत ‘विलायतुल हिस्बा’ म्हणतात. ‘हिस्बा’ वरूनच ‘मोहतसीब’ हा शब्द आला. औरंगजेबाने नेमलेले मोहतसीब इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेत. मुळात हा अधिकारी बाजारातील वजने-मापे तपासणारा, दुधात पाणी घालणाऱ्यास दटावणारा, रस्त्यात उघडपणे गैरवर्तन करणाऱ्यास हटकणारा होता. त्याची सत्ता उघड्यावर होती, उंबरठ्याच्या आत नव्हती. आचेत हे पथक आज फेरीवाले हटविणाऱ्या, अतिक्रमणे काढणाऱ्या नागरी पथकाशी एका खात्यात जोडलेले आहे. परंतु खात्याची माणसे मोजकी, आणि गल्ल्या अगणित. म्हणून ‘गाम्पोंग’, म्हणजे गाव वा वस्ती, हीच कायद्याची पहिली चौकी बनली.

दुसऱ्याच्या गुप्त गोष्टी हुडकत फिरू नका असा निषेध कुराणात आहे. खलिफा उमर यांच्याविषयी मुस्लिम परंपरेत एक आख्यायिका सांगतात. रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंतीवरून चढून आत उतरले, तो एक माणूस मद्यासह सापडला. तो म्हणाला, मी ईश्वराची एक आज्ञा मोडली असेन, आपण तीन मोडल्या: आपण पाळत ठेविली, दरवाजाने यावे असे सांगितले असता भिंतीवरून आलात, आणि परवानगी न घेता, सलाम न करता आत शिरलात. उमर त्यास सोडून परत गेले. ही कथा मला फार थोर वाटते. शासन आणि उंबरठा यांच्यातील नाते इतक्या थोडक्यात सांगितलेले मी अन्यत्र पाहिले नाही. आणि भाड्याच्या खोलीचे दार खांद्याने मोडणाऱ्या जमावास तिची आठवण देणारा कोणी त्या वेळी गल्लीत असता, तर पुढचे ८३ फटके कदाचित पडले नसते.

६. सलूनची कात्री

ज्यांना फटके बसले त्यांची संख्या लहान आहे. कायद्याच्या धाकाखाली जगणाऱ्यांची मोठी आहे, आणि त्यांत सर्वांत उघड्यावर सापडतात त्या ‘वारिया’. स्त्री आणि पुरुष या अर्थाच्या दोन इंडोनेशियन शब्दांची अक्षरे जोडून हा शब्द झाला. आपण ज्यांना तृतीयपंथी म्हणतो त्यांच्याशी त्यांचे साम्य आहे, तरी मठ-गुरूंची परंपरा तेथे नाही. त्यांच्यातील पुष्कळजणी केशकर्तनालये आणि सौंदर्यप्रसाधनाची दुकाने चालवितात. नवरीचा शृंगार करावा, बायकांचे केस धुऊन कापावे, त्यावर घर चालवावे. प्रतिष्ठा नाही तरी पोट भरते असा हा धंदा.

२८ जानेवारी २०१८ च्या सुमारास उत्तर आचेतील अशा काही सलूनांवर पोलिसांनी धाड घालून बाराजणींस पकडले. मोहिमेचे नाव ‘समाजरोग’ निर्मूलनाचे. त्यांचे केस कापण्यात आले, त्यांस पुरुषी कपडे घालावयास लाविले, आणि आवाज पुरुषासारखा निघावा म्हणून मोठ्याने ओरडावयास लाविले. या मोहिमेत पुढाकार शरियतच्या पोलिसांचा नव्हता, देशाच्या राष्ट्रीय दलाचा होता. आणि वारिया असणे हा आचेच्या कोणत्याही कानुनात गुन्हा नाही. म्हणजे कायद्याच्या अक्षराने जेथवर जायचे त्याच्या कितीतरी पुढे कायद्याचे वारे गेले होते. २०११ च्या डिसेंबरात बांदा आचेतील एका संगीताच्या कार्यक्रमातून साठाहून अधिक पंक तरुण-तरुणींस उचलून मुलांचे डोके भादरले होते, तेव्हा लिवातचे कलम अस्तित्वातही नव्हते.

जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या केसांस हळुवार हात लाविला, तिच्या केसांवर चौकीत कात्री चालावी, यात किती खोल अपमान आहे हे ज्याचे त्याने जाणावे. शिवाय दुकान बंद पडते. घरमालक पुन्हा गाळा देण्यास कचरतो. गिऱ्हाईक, तिच्याविषयी मनात काही वाईट नसले तरी, पोलिसांच्या भीतीने दुसरीकडे जाते. आजारी पडल्यावर दवाखान्याच्या रांगेत उभे राहण्याचे धैर्य होत नाही. मग काहीजणी प्रांत सोडून मेदानला किंवा जाकार्ताला जातात.

७. आचेबाहेर

आचे अपवाद आहे खरा, पण एकटा नाही. पश्चिम सुमात्रातील परियामान या शहराने २०१८ मध्ये ‘समलिंगी आणि परलिंगी कृत्यांस’ दहा लाख रुपियांपर्यंत दंड सांगणारा नगरनियम केला. आकडा ऐकून दचकू नये, रुपियाचे मोल अल्प असल्याने ही रक्कम त्या वेळच्या आपल्या चार-पाच हजार रुपयांएवढी. शेजारच्या मलेशियात शरियत हा घटक राज्यांचा विषय. तेथे सप्टेंबर २०१८ मध्ये तेरेंगानू राज्यात दोन स्त्रियांस न्यायालयाच्या दालनात प्रत्येकी सहा फटके मारण्यात आले. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सेलांगोर राज्याचे असे एक कलम रद्द केले, कारण तो विषय संघराज्याच्या अखत्यारीतला. आचेच्या कानुनास जाकार्ताच्या न्यायालयांनी असा अटकाव अद्याप केलेला नाही.

८. बोस्तान

बांदा आचेच्या मध्यभागी ‘बुस्तानुस्सलातीन’ नावाचे सार्वजनिक उद्यान आहे. बोस्तान म्हणजे बाग आणि सलातीन हे सुलतान शब्दाचे अनेकवचन. हेच नाव एका प्रसिद्ध मलय ग्रंथाचे. तो १६३८ पासून आचेच्या दरबारात लिहिणारे नूरुद्दीन रानिरी हे सुरतेजवळच्या रांदेरचे. त्यांनी आपल्याशी मतभेद असलेल्या सूफींची पुस्तके जाळविली, ही त्या काळाची एक बाजू. आणि १६४१ पासून १६९९ पर्यंत लागोपाठ चार स्त्रियांनी याच मुलखाच्या गादीवर बसून राज्य केले, ही दुसरी. मक्केच्या ओसरीवर एके काळी बरेच काही मावत होते.

फेब्रुवारी २०२५ चे फटके याच उद्यानात मारले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शहरातील एका बागेच्या शौचालयात दोन तरुण एकत्र गेलेले काही नागरिकांनी पाहिले आणि गस्तीवरच्या पोलिसांस सांगितले. पोलिसांनी दार उघडून पाहिले तेव्हा ते एकमेकांस मिठी मारून चुंबन घेत होते. न्यायालयाने ८० फटके सांगितले. २६ ऑगस्ट रोजी बुस्तानुस्सलातीनच्या मंचावर त्या दोघांस आणण्यात आले. एकाचे वय २०, दुसऱ्याचे २१. कोठडीचे चार महिने वजा जाता फटके उरले होते ७६.